काठावरचं मोल

सेन्या बेटावर वर्षअखेरीला सूर्य उगवत नाही.
तरी मोजमापाचा दिवस तोच, एकतीस डिसेंबर.
दुपारी बाराला खिडकीत जरा निळाई येते,
तेवढ्यात मी फ्योर्डकडे बघून घेते
आणि पुन्हा तक्त्याकडे वळते.

खाली पिंजऱ्यांत नऊ लाख सॅमन गोल गोल पोहतायत.
पाण्यात मासळी, काठावर मोल.
नियमच तसा आहे:
जिवंत माल विकण्याआधीच विकल्यासारखा धरायचा.
घाईत नसलेलं, कशाला अडलेलं नसलेलं,
सगळं ठाऊक असलेलं एक गिऱ्हाईक
आज, या काळोखात, धक्क्यावर उभं आहे असं समजायचं
आणि त्याला विचारायचं, काय देशील?

सव्वीस वर्षं विचारतेय.
त्याचा चेहरा अजून दिसलेला नाही.
लोकरी टोपी असावी, असं आपलं मला वाटतं.

मे महिन्याचा भाव वायदेबाजारातून उचलला.
त्यातून खाद्य वजा, उवांवरचं औषध वजा,
मरतील ते वजा,
उरलेल्यातून वाट पाहण्याची कसर.
किती मरतील ते रिमविदासच्या वहीवरून.
तो लिथुआनियाचा. रोज सकाळी जाळ्याच्या तळातून
मेलेले उपसतो, ओल्या पानावर पेन्सिलीने लिहितो.
काल एकशे बारा.
एवढ्या मोठ्या ताळेबंदात
हात घालून मोजलेला आकडा तो एकच.

'हावदीस' बोटीचं मात्र अडलं.
तशी बोट हल्ली कुठेच विकली गेलेली नाही.
म्हणजे तिसरी पातळी:
जिथे पुरावा संपतो आणि सही सुरू होते.
एइलर्ट म्हणाला, लिही ऐंशी लाख.
त्याचा बाप तिच्यावरूनच पाण्यात गेला.
त्या ऐंशीत त्याचे किती, हे मी विचारलं नाही.
ट्रोम्सोहून ऑडिटरबाईंचा फोन: गृहीतकं पाठवा.
पाठवली. बावन्नवर तुटलं.

मग कर्जाची बाजू.
तीन वर्षांपूर्वी रोखे काढले, शंभराला शंभर.
यंदा उवा पडल्या, मरतुक झाली, पत गेली,
आणि ओस्लोत आमचा शंभराचा कागद
एकसष्ट चाळीसला फिरू लागला.
हे रोखे आम्ही रास्त मूल्याने मांडतो,
तेव्हा देणं घटलं.
देणं घटलं म्हणजे आमचं भलं झालं.
लोकांचा आमच्यावरचा विश्वास उडाला
तो येऊन बसला जमेच्या बाजूला.
एइलर्ट इतका हसला की कॉफी सांडली.
"म्हणजे पुरते बुडालो तर श्रीमंतच की!"
म्हटलं, म्हणून तर ती रक्कम नफ्यात धरत नाहीत,
खाली वेगळ्या ओळीत जाते.
कुठल्या, ते त्याने पाहिलं नाही.
फडकं शोधत राहिला.

सहकारी दुकानात गुडलाउग भेटली.
तिच्याकडे आमचे वीस रोखे,
नवऱ्याची बोट आणि जाळी विकून घेतलेले.
गल्ल्यापाशी नाणी मोजत होती, एकेक,
छापलेल्या किमतीला.
"माझे कागद अजून शंभराचेच ना गं?"
मुदतीला शंभर, मी म्हटलं.
"आणि आज?"

आजचा आकडा मीच दुपारी लिहिला होता.
आमच्या बाजूने बघितलं तर बरा दिसत होता.
दुकान लवकर बंद होणार होतं, दिवे एकेक विझत होते,
आणि माझ्यासमोर उभी होती
घाईतली, अडलेली,
काहीच ठाऊक नसलेली बाई,
लोकरी टोपीतली.

एकसष्ट चाळीस, मी म्हटलं.

तिने कॉफीचा पुडा फळीवर परत ठेवला
आणि शेजारचा लहान घेतला.